कुत्रं का वगळलं असावं? १० गुण

एमएच्या पेपरात हा प्रश्न मी निदान सात-आठ वेळा काढलाय. कुत्र्याचा असा नाही, पण याच जातकुळीतला. "मूळ साहित्यकृतीतील एखादा प्रसंग माध्यमांतर करताना का वगळला जातो, सोदाहरण लिहा." गुण दहा. आणि पोरं मन लावून लिहायची, की दिग्दर्शकाला नायकाचं एकाकीपण गडद करायचं होतं, की शब्दभाषा आणि दृश्यभाषा यांचं व्याकरणच वेगळं, की अवकाशाची पुनर्रचना वगैरे वगैरे. मी सहा, साडेसहा देऊन पुढच्या पेपरकडे. 'अवकाश' तीनदा आला असेल तर सात.

तर एका रेल्वे गार्डच्या पुस्तकातल्या एका प्रकरणावर आम्ही सिनेमा काढला, त्यातलं कुत्रं का वगळलं त्याचं खरं उत्तर आता ऐका. सिनेमात प्राणी वापरायचा म्हटलं की प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागते, कुत्र्याचे कागद, जनावरांच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट, कुत्रं नेमकं काय करणार त्याचं वर्णन, फी, आणि हे सगळं शूटिंगच्या आधी. आमचं शूटिंग नऊ दिवसांवर आलेलं आणि असा काही अर्ज असतो हेच आमच्यातल्या कोणाला माहीत नव्हतं. प्रॉडक्शन मॅनेजर म्हणाला, "मॅडम, कुत्ता निकाल दो." मी म्हणलं अहो कुत्र्याशिवाय त्या प्रकरणाला काही अर्थच उरत नाही. तो म्हणाला, "तो फिर प्रकरण निकाल दो."

शेवटी कुत्रं गेलं, प्रकरण राहिलं. आणि गंमत बघा, नायकाचं एकाकीपण खरंच गडद झालं. घ्या, साडेसहा.

मी जून १९९९ ला लागले, उपनगरातल्या एका कॉलेजात, मराठीची लेक्चरर म्हणून. एफवाय, एसवाय, टीवाय, मग एमएचे तास. २०२१ मध्ये स्वेच्छानिवृत्ती घेतली. लोकांना वाटतं काहीतरी मोठं भांडण झालं असणार, प्राचार्यांशी, मॅनेजमेंटशी. तसं काही नाही. वर्कलोड कमी होत चाललेला हे खरं, मराठी घेणारी मुलं दर जूनला चार-चार कमी, उरलेला वेळ कॉलेजचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या फायली आणि कुठल्या सेमिनारला किती पॉइंट मिळतात त्याचे तक्ते यात जायचा. पण ते सगळ्यांनाच असतं, त्याने कोणी नोकरी सोडत नाही. २००५ च्या नोव्हेंबरआधी लागल्यामुळे जुनी पेन्शन होती, वीस वर्षं भरली होती, त्यामुळे सोडणं मला परवडलं एवढंच. फार शूरपणाची गोष्ट म्हणून कोणी वाचत असेल तर इथेच थांबलेलं बरं. (पेन्शनची केस ज्या कार्यालयात दीड वर्ष पडून होती तिथे मात्र शूरपणा लागला, पण त्यावर लिहायला बसले तर हा लेख राहील.)

खरं सांगायचं तर मला स्वतःच्या बरोबर असण्याचा कंटाळा आला होता. बावीस वर्षं मी लेखकांना काय म्हणायचंय ते सांगत होते आणि त्यातला एकही लेखक वर्गात येऊन "नाही हो, मला तसं म्हणायचं नव्हतं" असं म्हणाला नाही. कसा म्हणणार, निम्मे वारलेले. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन लेक्चरला समोर चाळीस काळे चौकोन असायचे, आणि एक दिवस मी कथेतल्या मौनाबद्दल बोलतेय, छान रंगात आलेय, आणि कोणाचा तरी माइक चालू राहिलेला, त्यातनं कुकरची शिट्टी झाली आणि पाठोपाठ एका बाईचा आवाज, "झालं का गं त्या बाईंचं?" मी म्हणलं, होत आलंय.

त्याच सुमारास एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी तीन लाँगबुकं पाठवली. दोनशे-दोनशे पानी, निळ्या शाईत, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. गृहस्थ मध्य रेल्वेत लोकलवर गार्ड होते, रिटायर होऊन डोंबिवलीत राहतात. सोबत चिठ्ठी, "बाई, फक्त शुद्धलेखन बघावे." मी एका शनिवारी दुपारी बघायला घेतलं आणि रविवारी रात्री तिसरी वही संपली. शुद्धलेखन बघायचं राहूनच गेलं.

गाडीच्या शेवटच्या टोकाला एका कप्प्यात उभं राहून माणूस तीस-बत्तीस वर्षं मुंबई बघतो, आणि ती कायम मागे जाताना बघतो, कारण जाताना त्याचं तोंड सुटलेल्या प्लॅटफॉर्मकडे असतं. हे त्यांनी कुठे असं नटवून लिहिलेलं नाही हां, हे माझं. त्यांनी लिहिलंय, "गाडी सुटल्यावर जो पळत येतो तो मला दिसतो, मोटरमनला दिसत नाही." झालं, पुढचं वाक्य ड्युटी किती वाजता संपली त्याचं.

चार प्रकाशकांकडे मी ते हस्तलिखित घेऊन गेले. मला वाटलं होतं इतकी वर्षं सगळ्यांच्या पुस्तकांवर बोलतेय, प्रकाशन समारंभांना खुर्च्या भरल्यात, माझ्या शब्दाला काही तरी वजन असेल. सगळ्यांनी चहा दिला. एकाने लेखकाचं नाव कोणाला माहितेय असं विचारलं, एकाने लेखकाचा 'सहभाग' किती असेल असं विचारलं, म्हणजे पैसे, आणि एकाने आठ महिने ठेवून घेऊन परत दिलं, वरची दोन पानं चहाचा डाग पडलेली. तो तरी कोणी वाचताना पडला असेल अशी मी समजूत घातली. तिथनं येताना दादरला छबिलदास गल्लीत नेहमीच्या पुस्तकांच्या दुकानापाशी थांबले आणि घरी फोन करून नवऱ्याला म्हणलं, मीच काढते. नवरा बँकेत होता, त्याने पहिला प्रश्न विचारला, "गोडाऊन कुठाय?"

गोडाऊन आमच्या बेडरूममधला दिवाण. अजूनही तोच आहे.

आता फर्मा. तुम्ही पुस्तकं वाचत असाल, त्यावर लिहीत असाल, शिकवतही असाल, पण फर्मा माहीत नसेल तर पुस्तक म्हणजे काय हे तुम्हाला निम्मंच माहितेय असं माझं आता मत झालंय. (पूर्वी माझं असं मत संरचनावादाबद्दल होतं.) एका मोठ्या कागदावर एकदम छापून घडी घातलेली सोळा पानं म्हणजे एक फर्मा. पुस्तक फर्म्यांत छापलं जातं, पानांत नाही. आमचं पुस्तक लावून झालं ते १८३ पानांचं. वडाळ्याला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचे प्रिंटर, वय सत्तरच्या पुढे, त्यांनी पेन्सिलीने कोपऱ्यात हिशेब मांडला, अकरा फर्मे म्हणजे १७६, बारा म्हणजे १९२. "बाई, सात पानं काढा नाहीतर नऊ पानं कोरी जातायत, त्याचा कागद तुमच्या खिशातनं." मी म्हणलं साहित्यकृती सेंद्रिय असते, सात पानं अशी नाही काढता येत. म्हणजे असं तोंडावर नाही म्हणलं, मनात म्हणलं. तोंडावर म्हणलं, "उद्या सांगते."

रात्री बसले. आणि बाराव्या प्रकरणातली पाच पानं, ज्यात गार्डकाकांनी सासुरवाडीचं वर्णन केलेलं, ती निघाली. दोन पानं माझ्या प्रस्तावनेची निघाली. प्रस्तावना नऊ पानांची होती, सातची झाली, आणि कोणाला काही कळलं नाही, मलाही नाही. या दोन पानांवर मी तीन आठवडे घालवले होते. एमफिलच्या मुलांना मी कायम म्हणायचे "काटकसरीने लिहा", आणि काटकसर म्हणजे काय ते मला शिकवलं एका माणसाने ज्याने ते पुस्तक वाचलेलंही नव्हतं.

बाकी तांत्रिक भानगडी पटकन सांगते. डीटीपीवाल्या मुलाने श्रीलिपीत टाइप केलं, ते युनिकोडमध्ये फिरवताना सगळे अर्धे र फुटले, 'दुसऱ्या'चं 'दुसर्या', 'कर्मचाऱ्यांना'चं 'कर्मचार्यांना', पावणेदोनशे पानांत ते हाताने नीट करत बसले, डोळे गेले. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, फुकट मिळतो, दिल्लीच्या एजन्सीकडनं, ऑनलाइन. छापील पुस्तकावर जीएसटी नाही हे ऐकून मी खूश झाले होते, मग सीएने समजावलं की म्हणूनच कागदावर आणि छपाईवर जो भरला तो परत मागता येत नाही, तो गेला. विक्रेत्याला निदान चाळीस टक्के. आणि मुंबईच्या दमट हवेत दिवाणातल्या गठ्ठ्याला कसर लागते, त्यात डांबरगोळ्या टाकल्या तर पुस्तकाला वास लागतो, मग गिऱ्हाईक पुस्तक उघडतं, नाकाला लावतं (सगळे लावतात) आणि खाली ठेवतं.

एक मात्र नीट सांगायला हवं. शेवटची प्रुफं चालू होती, जानेवारी २०२२, आणि रेल्वेने फतवा काढला की यापुढे गार्डला गार्ड म्हणायचं नाही, ट्रेन मॅनेजर म्हणायचं. पुस्तकात 'गार्ड' हा शब्द पानोपानी. मी जरा घाबरत फोन केला, म्हणलं काका, असं असं झालंय, एक तळटीप देऊया का? ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाई, मॅनेजरला काय घरी डबा बांधून देतात का? मी गार्डच होतो. राहू दे."

तळटीप दिली नाही. सातशे प्रती काढल्या, दोन वर्षांत संपल्या, दुसरी आवृत्ती दिवाणात आहे.

मधल्या काळात ओळखीचे लोक मला धाडसी म्हणायला लागले होते, आणि सिनेमाचं कळल्यावर तर फारच. मला ऐकायला बरं वाटायचं, नाही कशाला म्हणू, पण मराठी मास्तरांनी सिनेमात जाण्यात नवीन काय आहे? वि. स. खांडेकर शिरोड्याच्या शाळेत शिकवत होते तेव्हाच १९३६ चा 'छाया' त्यांनी लिहिला. आचार्य अत्रे पुण्याच्या कॅम्पातल्या शाळेचे हेडमास्तर, लंडनहून टीडी, म्हणजे शिक्षकी डिप्लोमा, करून आलेले, त्यांनी नाटकं, सिनेमे, साप्ताहिक, दैनिक काहीच सोडलं नाही. आणि 'श्यामची आई' तर बघा, लिहिली अमळनेरच्या शाळेतल्या मास्तरांनी, नाशिकच्या तुरुंगात बसून, आणि १९५३ मध्ये तिचा सिनेमा केला या हेडमास्तरांनी, आणि राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक तिला. सगळं शाळेच्या स्टाफरूममधलंच प्रकरण की. फक्त एक फरक आहे आणि तो मला रात्री-अपरात्री टोचतो, की ती सगळी माणसं लिहिणारी होती, योगायोगाने शिकवत होती. मी शिकवणारी. बावीस वर्षांत प्रश्नपत्रिका सोडून एकही मूळ ओळ लिहिलेली नाही.

सिनेमा हा माझा हट्ट नव्हताच. माझा एक जुना विद्यार्थी, टीवायला माध्यमांतराच्याच पेपरात केटी लागलेला, म्हणजे नापास झालेला, बारा वर्षं सीरियलींमध्ये असिस्टंट म्हणून राबलेला, तो पुस्तक वाचून आला आणि म्हणाला, "मॅम, सव्वीस जुलैचं चॅप्टर. एवढंच. एक गार्ड, एक गाडी, एक रात्र." मी म्हणलं तुला केटी मीच दिली होती ना? म्हणाला, "हो, म्हणूनच तुमच्याकडे आलो, तुम्ही कारण विचारता." आता यावर काय बोलणार. त्याचे दोन मित्र, मी, आणि माझी मावसबहीण, असे पैसे जमले, सगळे मिळून इतके की त्यात मुलुंडला वन बीएचके आला नसता.

पहिली पायरी, काकांशी करार. प्रकाशक मी आणि निर्मातीही मी, म्हणजे लेखकाच्या बाजूने कोण? वकीलबाई म्हणाल्या, कॉपीराइट कायद्यात आहे की मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, आणि हक्क घेऊन वर्षभरात वापरला नाही तर तो आपोआप परत जातो, वेगळं काही ठरलं नसेल तर. मी म्हणलं हे सगळं करारात स्पष्ट लिहा, काकांच्या बाजूने. काकांनी करार घरी नेला आणि चार दिवसांनी आणला तर प्रत्येक कलमाशेजारी लाल पेनाने बारीक टिक. मी म्हणलं एवढं कोण वाचतं काका. ते म्हणाले ड्युटीवर कॉशन ऑर्डर मिळते, कुठे किती स्पीडने जायचं त्याची, ती न वाचता सही केली की नोकरी जाते, कधी कधी माणसंही.

मग स्क्रिप्टचं ब्रेकडाउन. पुस्तकात त्या प्रकरणाचं पहिलं वाक्य आहे, "पाऊस पडत होता." तीन शब्द. या तीन शब्दांवर मी पन्नास मिनिटांचं लेक्चर देऊ शकते, क्रियापदाचं अपूर्ण रूप, निवेदकाची तटस्थता, पुढे येणाऱ्या संकटाची चाहूल न देणं. आणि त्यातलं काही खोटंही नाही, कारण त्या दिवशी, २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला आणि कुलाब्याला जेमतेम ७३. म्हणजे सीएसटीहून गाडी काढताना काकांना तो नेहमीचाच पाऊस होता. पुढे काय वाढून ठेवलंय ते कुर्ल्याकडे सरकल्यावर कळलं.

लाइन प्रोड्यूसरने तेच वाक्य वाचलं आणि विचारलं, "कितने विंडो से दिखता है?"

मला प्रश्नच कळला नाही. त्याने समजावलं, मुलाला समजावतात तसं. खिडकीतनं दिसणारा पाऊस म्हणजे प्रत्येक खिडकीवर एक पाइप, एका ओळीत चार खिडक्या दिसल्या तर चार पाइप, पाणी टँकरचं, दहा हजार लिटरचा एक टँकर, आणि पाऊस कॅमेऱ्याला असाच दिसत नाही, त्याला मागनं लाइट मारावा लागतो, म्हणजे खिडकीच्या बाहेर, पावसात, लाइट, त्याला झाकायला ताडपत्री, त्याला धरायला माणूस, आणि तो माणूस फ्रेममध्ये दिसता कामा नये. आतले लोक भिजतात का? भिजतात. मग प्रत्येकाचे कपड्यांचे तीन-तीन सेट, कारण दुसऱ्या टेकला परत कोरडं व्हायला लागतं. गार्डची छत्री उघडते की बंद? उघडी असेल तर त्यावर पाण्याचा आवाज, डबिंग. मी वहीत लिहून घेत होते. शेवटी त्याने आकडा सांगितला आणि मी म्हणलं पाऊस पडून गेलेला दाखवला तर? तो पहिल्यांदा माझ्याकडे आदराने बघून हसला. त्या दिवसापासून तो मला 'मॅडम' म्हणायचा बंद होऊन 'मॅडमजी' म्हणायला लागला.

हाकेवरनं आठवलं. कॉलेजात मी 'मॅम', प्रेसमध्ये 'बाई', जे मला मनापासून आवडतं, कारण माझ्या शाळेत शिक्षिकेला बाईच म्हणायचे. सेटवर स्पॉटदादा 'ताई' म्हणायचे, आणि जेवायला वाढताना "ताई, डाळ घ्या, दुपारची शिफ्ट लांबणारे" असं भविष्य सांगायचे, ते नेहमी खरं व्हायचं. आणि ज्यांना मी कोण ते माहीत नसायचं ते शेजारी उभ्या माझ्या नवऱ्याला विचारायचे, "सर, प्रोड्यूसर आप?" नवरा बिचारा डबा द्यायला आलेला. फिल्म लाइनीत सगळेच 'सर' असतात, जनरेटरवाल्यापासून हिरोपर्यंत, त्यामुळे आमच्याकडे जी पदवी पीएचडी करून मिळते ती तिथे गेटमधनं आत आलं की मिळते.

शूटिंग घोडबंदरच्या बाजूला एका शेडमध्ये केलं. खऱ्या लोकलमध्ये रात्रभर शूट करण्याएवढे पैसे नव्हते, म्हणून अर्धा डबा आणि गार्डची केबिन बनवून घेतली, प्लाय आणि पत्र्याची, पंखे मात्र खरे, भंगारातनं आणलेले. पैसे वाचवायला जुलैत शेड घेतली कारण पावसाळ्यात भाडं कमी. आणि अर्थातच बाहेर धो धो पाऊस. आता ऐका, बाहेर खरा पाऊस पडत होता म्हणून आम्हाला पावसाचा सीन करता येत नव्हता. पत्र्यावर इतका आवाज की डायलॉग ऐकू येईना. दोन दिवस पंचवीस-तीस माणसं बसून, शिफ्ट नऊ ते नऊ, बारा तासांचा मीटर चालू, सगळे भजी खातायत आणि खऱ्या पावसाकडे रागाने बघतायत. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि आम्ही टँकर बोलावला.

एकदा मी मॉनिटरच्या मागनं पुढे सरकत सरकत कुठे पोचले मला कळलं नाही, आणि माझा केटीवाला दिग्दर्शक ओरडला, "मॅम, फ्रेममध्ये येताय!" सगळा सेट शांत. मग त्याने कान पकडले. मी म्हणलं असू दे रे, बावीस वर्षं तेच करत होते.

पैशाचं विचारतात सगळे, तर पुस्तकाचे आले, सिनेमाचे येतायत. सिनेमा २०२४ च्या शेवटी लागला. सेन्सॉरचं सर्टिफिकेट नव्या पद्धतीचं, यूए तेरा प्लस, एका विडीमुळे कोपऱ्यात धूम्रपानाची सूचना, ती विडी काकांच्या पुस्तकातच आहे म्हणून मी काढू दिली नाही. कुत्र्याचं भांडण हरले होते, विडीचं जिंकले. एका मल्टिप्लेक्समध्ये सकाळी पावणेदहाचा शो मिळाला, मंगळवारपर्यंत टिकला. सकाळी पावणेदहाला मराठी माणूस लोकलमध्ये असतो, सिनेमाला नाही, हे सांगायला कोणी भेटलं नाही.

पण मला सांगायचं होतं ते त्याआधीचं आहे. मिक्सिंग झाल्यावर, सगळं फायनल व्हायच्या आधी, अंधेरीला एका छोट्या प्रिव्ह्यू थिएटरात आम्ही वीस जणांनी सिनेमा बघितला. काका डोंबिवलीहून आले, घाटकोपरपर्यंत लोकल, पुढे मेट्रो. मेट्रोत गार्ड कुठे असतो ते शोधत होते म्हणाले, सापडला नाही. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, एक लाल.

शेवटाकडे एक प्रसंग आहे. रात्र सरलीय, पाणी उतरलंय, डब्यात उरलेली माणसं एकमेकांना टेकून झोपलीयत, आणि गार्ड घंटीचं बटण दाबतो आणि गाडी हलते. आमच्या साउंडवाल्या मुलाने तिथे सगळे आवाज काढून टाकले होते. पंखे नाहीत, पाणी नाही, काही नाही. फक्त बेल. एकच, लांब, आणि तिच्या शेवटाला चाकांचा पहिला आवाज. थिएटरात कोणीतरी नाक ओढलं. माझ्याही घशात आलं. माझ्या डोक्यात तर वाक्यं तयार व्हायला लागली होती, की ही एकच घंटा म्हणजे त्या रात्रीचं सगळं एकटेपण, की ती उत्तराची वाट न बघता वाजते, की मौनाच्या पार्श्वभूमीवर. अगदी दहा गुणांचं उत्तर.

दिवे लागले. सगळे काकांकडे बघतायत. काका खुर्चीतच बसून, हातात रुमाल, तो घडी करतायत.

"काका, कसा वाटला?"

"चांगला केलाय," ते म्हणाले. "फक्त गाडी सुटली कशी?"

आम्हाला कळेना.

"एक बेल दिली त्याने. एक बेल म्हणजे थांब. दोन दिल्या की मोटरमन दोन परत देतो, मग गाडी सुटते. एका बेलवर कशी सुटेल?"

साउंडवाला मुलगा म्हणाला, "अंकल, वो एक ही अच्छा लग रहा था, इमोशनल." काका त्याच्याकडे बघून समजूतदारपणे मान हलवत होते, पण पटलेलं नव्हतं हे दिसत होतं. दिग्दर्शक माझ्याकडे बघायला लागला. मी खालच्या कार्पेटकडे. बेलच्या पाठीमागे उभं केलेलं माझं सगळं लेक्चर, एकटेपण, मौन, सगळं, एका थांबण्याच्या सिग्नलवर चाललं होतं. आणि वर्गात असते तर मी हेही निभावून नेलं असतं. म्हणाले असते, थांब म्हटल्यावर निघणारी गाडी, बघा किती अर्थपूर्ण. पोरांनी लिहून घेतलं असतं.

प्रॉडक्शन मॅनेजर तेवढ्यात हळूच म्हणाला, "मॅडम, पब्लिक को क्या पता चलेगा." त्याचंही बरोबर. स्टुडिओ परत घ्यायचा म्हणजे किमान एक शिफ्ट, इंजिनियर, नवीन फाइल, आणि आमच्याकडे पोस्टरला ठेवलेले तेवढेच पैसे उरलेले.

"काका," मी विचारलं, "दोन बेलमध्ये अंतर किती?"

त्यांनी रुमाल खिशात ठेवला, उजव्या हाताचा अंगठा पुढे केला आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर दाबला. दोनदा. साउंडवाल्या मुलाने फोन काढून रेकॉर्ड करायला घेतलं, म्हणाला, अंकल एक बार और. काकांनी परत दाबलं, दोनदा, आणि मग हात तसाच ठेवून थांबले.

"आता काय, काका?"

"थांबा की," ते म्हणाले, "त्याच्या दोन यायच्यात अजून."